गुन्हेगार फौजीच्या बाजूने

मे २०१९ मध्ये आसाममधले निवृत्त फौजी मोहम्मद सनाउल्लाह यांना न्यायाधिकरणाने परदेशी ठरवले. सैन्यात तीस वर्षे काढलेला माणूस गोलपाड्याच्या स्थानबद्धता केंद्रात गेला, जूनमध्ये उच्च न्यायालयाने जामीन दिला. आपण सर्वांनी निषेध केला, मीही केला. ते सोपे होते, कारण त्यांनी गुन्हा केलेला नव्हता.

अमेरिकेने हद्दपार केलेल्या माजी सैनिकांची बाजू घेणे तितके सोपे नाही. त्यातल्या बहुतेकांच्या नावावर गुन्हा असतो. हेक्टर बाराहास लहानपणी मेक्सिकोहून आला, ग्रीन कार्डावर फौजेत भरती झाला आणि १९९५ ते २००१ पॅराट्रूपर होता. पुढे एका गाडीवरच्या गोळीबाराच्या प्रकरणात त्याने तुरुंगवास भोगला. सुटला, आणि २००४ मध्ये त्याला देशाबाहेर काढले. त्याच गुन्ह्यातला नागरिक शिक्षा संपवून घरी गेला असता. मग ही दुसरी शिक्षा कशाची? अर्ज न भरल्याची. फौजेत गेले म्हणजे नागरिकत्व आपोआप मिळत नाही, वेगळा अर्ज लागतो. शपथ घेतली म्हणजे झालो नागरिक, असे कित्येकांना वाटत राहिले.

त्यात १९९६ च्या कायद्याने हद्दपारीला पात्र गुन्ह्यांची यादी लांबवली आणि अशा खटल्यांत न्यायाधीशाला सैन्यसेवा विचारात घ्यायला जागाच ठेवली नाही.

२०१९ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाला आढळले की २०१३ ते २०१८ या काळात किमान ९२ माजी सैनिक हद्दपार झाले, आणि इमिग्रेशन खाते अशा लोकांची पुरी नोंदही ठेवत नव्हते. मी सॉफ्टवेअरवाला आहे. फॉर्मवर एक रकाना वाढवायला किती वेळ लागतो, हे मला सांगू नका!

बाराहासने २०१३ मध्ये तिहुआनात हद्दपार फौजींसाठी आधारघर उघडले. निवारा, पेन्शनचे कागद, वकील अशी कामे तिथे सुरू झाली. कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरने २०१७ मध्ये त्याला माफी दिली, २०१८ मध्ये तो नागरिक झाला. बाकीच्यांना उपचारांसाठी सीमा सहजासहजी ओलांडता येत नाही. मेल्यावर मात्र सन्मानाने निवृत्त झालेल्याला अमेरिकेच्या राष्ट्रीय दफनभूमीत जागा मिळू शकते.

अमेरिकेतल्या आपल्या नागरिक वाचकांनी आपापल्या संसद सदस्याला एवढेच लिहावे: हद्दपारीच्या खटल्यात न्यायाधीशाला सैन्यसेवा पाहण्याचा अधिकार परत द्या. पत्रात 'निर्दोष' हा शब्द घालू नका.