भिंतीवरचं चैत्रांगण
चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय तृतीयेपर्यंत चैत्रगौर झोपाळ्यावर बसते आणि दारात चैत्रांगण रेखलं जातं: सूर्य-चंद्र, शंख, कासव, तुळशीवृंदावन, गोपद्मं, कोयरी. कित्येक आजींच्या हाताला ही चिन्हं पाठ असतात. गुडघे मात्र वाकत नाहीत. अशा वेळी चैत्रांगण भिंतीवर आणावं. गेरूच्या रंगाचा जाड कागद टेबलावर पसरायचा, पेन्सिलीने ठिपके द्यायचे आणि कान साफ करायच्या कापसाच्या काडीने पांढऱ्या पोस्टर रंगात चिन्हं काढायची. बोटं आखडत असतील तर काडीवर कापडाची पट्टी गुंडाळून पकड जाड करावी. रंगकाम नको असेल तर कागद कापून चिकटवावेत. फ्रेंच चित्रकार आंरी मातिस यांनी १९४१च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर चाकांच्या खुर्चीत बसून हेच केलं. सहायक कागद रंगवत, सांगतील तिथे टाचत. आकार कापायचे ते मातिस यांनीच. ऐंशी ओलांडल्यावरही त्यांच्या कात्रीतून पानंफुलं उमलत राहिली. घरातही नातवंडांनी डिंक लावावा, शिडीवर चढावं. कुठे काय लागेल ते आजी-आजोबांनीच ठरवावं. यंदाच्या हळदीकुंकवाला हे चित्र गौरीमागे लावा आणि खाली काढणाऱ्याचं नाव जरूर लिहा.