ट्रंकेतला आवाज भंगारात जाण्याआधी



शहापूर-मुरबाडकडच्या आपल्या वस्त्यांत ज्या घरी ऐंशी-नव्वदच्या दशकात टू-इन-वन होता, त्या घराच्या माळ्यावर किंवा पलंगाखालच्या पत्र्याच्या ट्रंकेत आजही कॅसेटी असतात. काही कंपनीच्या, तर काही घरी भरलेल्या. कव्हरवर निळ्या पेनने लिहिलेले असते : 'जयंती', 'गायन पार्टी', 'विहार उद्घाटन'. सनाचा पत्ता नसतो. घरातला म्हातारा गेला की पोरगा ती ट्रंक रिकामी करतो आणि कॅसेटी भंगारवाल्याच्या पोत्यात जातात.

मला हे साधे वाटत नाही. आपला इतिहास आपणच किलोच्या भावाने विकतो आहोत.

कोणी म्हणेल, सगळी भीमगीते यूट्यूबवर आहेत, कॅसेटी कशाला हव्यात? हा मोठा गैरसमज आहे. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांचा आवाज कंपन्यांनी बाजारात आणला, म्हणून तो टिकला. पण आपल्या वाडीतली जी गायन पार्टी ढोलकी-पेटी घेऊन रात्रभर गायली, तिची कॅसेट कोणत्या कंपनीने काढली? कोणत्याच नाही. ती कुणीतरी लाऊडस्पीकरच्या कर्ण्याजवळ टेप ठेवून भरली. जगात तिची एकच प्रत आहे आणि ती तुमच्या ट्रंकेत आहे.

वामनदादा कर्डक गावोगाव फिरले. २००४ साली ते गेले. त्यांची किती गाणी लोकांच्या तोंडी आहेत आणि गाणाऱ्याला कवीचे नाव माहीत नाही! जिथे त्यांचे नाव सुटते, तिथे गावच्या अनाम शाहिराला, ओवी गाणाऱ्या आयाबायांना कोण विचारतो? विलास घोगरे यांचा आवाज आनंद पटवर्धन यांनी १९८५ च्या 'हमारा शहर' या माहितीपटात टिपून ठेवला होता. रमाबाई आंबेडकर नगरच्या गोळीबारानंतर, जुलै १९९७ मध्ये घोगरे यांनी जीवन संपवले. माणूस गेला, पण आवाज उरला, कारण कुणीतरी वेळेवर यंत्र सुरू केले होते.

कागदाचे मोल आपल्या लोकांना आधीच कळले होते. बाबासाहेब हयात असतानाच चांगदेव खैरमोडे यांनी त्यांच्या चरित्राची साधने जमवायला घेतली. १९७९ पासून शासनाचे 'लेखन आणि भाषणे'चे खंड निघू लागले. पण बाबासाहेबांचा प्रत्यक्ष आवाज आपल्याकडे किती आहे? त्यांनी आयुष्यभर सभा घेतल्या आणि आपण मात्र १९५५ ची बीबीसीची मुलाखत आणि असेच मोजके तुकडे पुन्हा पुन्हा ऐकतो. तेव्हा यंत्रे महाग होती, ती आपल्या हातात नव्हती. आज ती सबब चालणार नाही.

एक अनुभव सांगतो. आमच्याकडची जयंतीची एक कॅसेट मी शहरातल्या एका दुकानात कॉम्प्युटरवर घ्यायला दिली. त्याने 'साफ' करून एमपी३ दिली. गाणी छान ऐकू येत होती. पण दोन गाण्यांच्या मधले सगळे बोलणे त्याने कापून टाकले होते. अमुक पाड्याकडून अकरा रुपये, तमुक बाईंकडून पाच रुपये, मग पाणवठ्याच्या तंट्यावर म्हाताऱ्या कार्यकर्त्याचे दोन शब्द. दुकानदाराच्या लेखी तो कचरा होता. माझ्या लेखी खरी कॅसेट तीच होती. वर्गणी कुणी दिली, सभेला कुठली माणसे आली, भांडण कशाचे होते, हे कुठल्या सरकारी दप्तरात सापडणार? त्याचा दोष तरी कसा काढू? ज्याचा इतिहास त्यानेच जपायला हवा.

म्हणून हे काम घरीच करा. अवघड नाही. चालू स्थितीतला टेप, दोन्ही टोकांना साडेतीन मिलिमीटरची पिन असलेली वायर आणि कॉम्प्युटर, एवढे पुरते. कॉम्प्युटरला निळे लाइन-इन भोक असेल तर त्यात वायर लावा. लॅपटॉपला बहुधा फक्त माइकचे भोक असते, त्यात आवाज फाटतो. त्यासाठी लाइन-इन असलेले छोटे यूएसबी साउंड कार्ड घ्या. 'ऑडॅसिटी' हे सॉफ्टवेअर फुकट आहे.

सुरू करण्याआधी कॅसेटच्या मागच्या कडेची दोन्ही प्लॅस्टिकची कानं तोडा, म्हणजे चुकून लाल बटण दाबले तरी काही पुसले जाणार नाही. टेपचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसा. कॅसेट एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा, चिकटलेली फीत सुटते. आपल्याकडचा पावसाळा सगळ्यांना माहीत आहे. फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती कॅसेट वाजवू नका, बाजूला कोरडी ठेवा आणि जाणकाराला दाखवा. बुरशी हेडही खराब करते आणि आपल्या छातीलाही बरी नाही. आवाजाची पट्टी लाल होऊ देऊ नका, सर्वात मोठा आवाजही उणे सहाच्या आसपास राहू द्या. घूंऽ असा आवाज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर भरा. वीज गेली तरी लॅपटॉप चालू राहील, पण टेपमध्ये सेल असू द्या.

साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटेच लागतात, त्याला पळवाट नाही. मूळ फाइल वेव्ह स्वरूपातच ठेवा. सीडीच्या दर्जाला तासाला साधारण ६३५ एमबी लागतात. म्हणजे साठ मिनिटांच्या शंभर कॅसेटी सुमारे ६४ जीबीत मावतात. व्हॉट्सअॅपसाठी एमपी३ वेगळी काढा. खरखर कमी करायची तर प्रतीवर करा, मुळाला हात लावू नका. तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या गावी.

सगळ्यात मोठे काम यंत्राचे नाही, माणसांचे आहे. फाइल घेऊन गावातल्या जुन्या माणसांसमोर बसा. हा आवाज कुणाचा, ढोलकी कुणाची, साल कोणते, हे विचारा आणि लिहून घ्या. 'ट्रॅक १' असे नाव दिलेली फाइल म्हणजे पुन्हा एक अनाम माणूस. बायकांची नावे 'अमक्याची आई' एवढ्यावर सोडू नका, पूर्ण नाव लिहा.

आणि एक पथ्य. कंपनीच्या कॅसेटी जपा, पण चॅनेलवर टाकू नका, त्यांवर हक्क असतात. घरी भरलेले गाणेही गायकाला, कवीला किंवा त्यांच्या घरच्यांना विचारल्याशिवाय टाकू नका. कवीचे नाव पुसून दुसऱ्याने व्ह्यूज कमवायचे, हा धंदा आपण तरी करायला नको.

कोणी विचारेल, जमिनीचे, नोकरीचे, अत्याचाराचे प्रश्न समोर असताना कॅसेटी काय घेऊन बसलात? रास्त प्रश्न आहे. मोर्चा सोडून कॅसेटी भरा असे मी म्हणत नाही. पण मोर्च्यात उभा राहणारा पोरगा आपल्या आजोबाने याच पाणवठ्यासाठी काय भोगले ते त्याच्याच आवाजात ऐकेल, तेव्हा त्याचा पाय मागे सरणार नाही. ज्यांचा आवाज शतकानुशतके ऐकलाच गेला नाही, त्यांनी आपला भरलेला आवाज भंगारात घालावा, यासारखी शोकांतिका नाही.

येत्या रविवारी विहारात एक टेप आणि एक लॅपटॉप ठेवा. घरोघरी निरोप द्या : कॅसेटी घेऊन या. पहिली कॅसेट स्वतःच्या घरची आणा.

जयभीम.