जुनी अ‍ॅम्ब्युलन्स घेऊन फिरायचा प्लॅन आहे? आधी आरसी बघा

रील तुम्हीही पाहिली असेल. जुनी अ‍ॅम्ब्युलन्स, आत लाकडी बेड, छोटं किचन, मागचं दार उघडलं की समोर स्पिती. खाली कमेंट, 'भावा, कितीला पडली?' आरसीवर काय लिहिलंय, हे मात्र कुणी विचारत नाही. आणि सगळं अडतं तिथेच.

अ‍ॅम्ब्युलन्सवर लोकांचा डोळा असण्याला कारण आहे. छत उंच, मागचं दार रुंद, आत लाइट आणि इन्व्हर्टरचं वायरिंग आधीच केलेलं. फोर्स ट्रॅव्हलरसारखी गाडी असेल तर स्पेअर पार्टही सहज मिळतात.

पण कायद्याच्या नजरेत अ‍ॅम्ब्युलन्स हे 'ट्रान्सपोर्ट' वाहन आहे. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन 'नॉन-ट्रान्सपोर्ट' गटात येते. म्हणजे आत गादी टाकली म्हणून गाडीचा वर्ग बदलत नाही, तो आरटीओच्या नोंदीत बदलावा लागतो.

खरी मेख मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये आहे. उत्पादक कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत बदल मालकाला करता येत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही केरळच्या एका प्रकरणात हेच सांगितलं. आरसीवरचे बाकीचे तपशील नियमानुसार बदलून नोंदवता येतात, असंही त्याच निकालात आहे. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यामुळे छत कापून उंच करणं किंवा पत्र्यात नवी खिडकी पाडणं याआधी आरटीओकडून लेखी उत्तर घेतलेलं बरं. मेकॅनिकचं 'होऊन जाईल साहेब' तिथे चालत नाही.

दंड एकवेळ भरता येईल, इन्शुरन्सचं तसं नाही. पॉलिसी आरसीवरच्या वर्णनावर निघते. कागदावर अ‍ॅम्ब्युलन्स आणि घाटात पलटी झालेली गाडी म्हणजे चाकावरचं घर, असं असेल तर क्लेम अडवायला कंपनीला आयतं कारण मिळतं.

सायरन आणि छतावरचे दिवे तर पहिल्याच दिवशी उतरवा. अ‍ॅम्ब्युलन्सला वाट दिली नाही तर 10,000 रुपयांपर्यंत दंड आहे. लोक त्या दिव्यांसाठी बाजूला होतात, सहलीला निघालेल्यांसाठी नाही. 'अ‍ॅम्ब्युलन्स' ही अक्षरं आणि पट्टेही काढायचे. पूर्ण रंग बदलला तर त्याची नोंद आरसीवर हवी.

गाडी लिलावातली सरकारी असेल तर वय आधी बघा. 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी वाहनांची नोंदणी वाढवली जात नाही, ती भंगारातच जातात. स्वस्त दिसणारी गाडी रस्त्यावर येणारच नसेल तर स्वस्त कसली?

आता गॅरेज. अ‍ॅम्ब्युलन्सचा मीटर पूर्ण खरं सांगत नाही, कारण हॉस्पिटलच्या दारात इंजिन तासन् तास नुसतं चालू राहिलेलं असतं. किलोमीटर कमी, झीज जास्त. म्हणून कम्प्रेशन तपासून घ्या. मागचं फ्लोअरिंग उचलून बघा. रोजच्या धुण्याचं पाणी खाली मुरून प्लाय कुजतो, पत्रा गंजतो. दिवे काढल्यावर छताची भोकं नीट बुजवली नाहीत तर पहिल्या पावसात बेड ओला. ऑक्सिजनची पाइपलाइन पूर्ण काढून टाका. टायरवर नक्षी दिसली तरी बाजूचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा 23वा आठवडा. ब्रेक, स्प्रिंगचे पाटे आणि रेडिएटर यांवर पैसे वाचवू नका. बेड, कपाटं, पाण्याची टाकी धरून वजन आरसीवरच्या मर्यादेत हवं. गाडी आठ वर्षांवरची असेल आणि ट्रान्सपोर्टमध्येच राहिली असेल तर फिटनेस दरवर्षी.

देश ओलांडून इराणसारख्या देशात जायचं असेल तर 'कार्ने' लागतं, म्हणजे गाडीचा कस्टम्स पासपोर्ट. मुंबईत तो वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन देते. त्यावर चेसिस नंबर, इंजिन नंबर, बॉडीचा प्रकार आणि रंग लिहिलेला असतो. सीमेवरचा अधिकारी तो कागद हातात घेऊन गाडीभोवती फिरतो.

म्हणून टोकन द्यायच्या आधी गाडीचा नंबर एमपरिवहन अ‍ॅपवर टाका. नोंदणीची तारीख, वाहनाचा वर्ग, फिटनेस, इन्शुरन्स तिथे दिसतं. मग आरसीची प्रत घेऊन आरटीओत जा. मेकॅनिकला त्यानंतर बोलवा.