समतोलाचे गणित कुठे थांबवावे?

नवा पूल झाला तर कोणत्या रस्त्यावरची किती वाहने तिकडे वळतील, हे वर्तवणाऱ्या बहुतेक मॉडेलांचा पाया जॉन वॉर्ड्रॉप यांनी 1952 साली मांडलेले तत्त्व आहे: मार्ग बदलून कोणाचाच वेळ वाचणार नाही, अशा समतोलाला वाहतूक स्थिरावते. हा समतोल कोणत्या अल्गोरिदमने शोधावा, याबद्दल मात्र जाणकारांचे एकमत नाही.

1956 सालच्या फ्रँक-वुल्फ पद्धतीची बाजू भक्कम आहे. प्रत्येक फेरीत जलद मार्ग शोधायचे आणि वाहतुकीचा काही हिस्सा तिकडे सरकवायचा, एवढेच तिचे काम. मार्गांची नोंद ठेवावी लागत नाही, त्यामुळे मेमरी कमी लागते. प्रोग्रॅम लिहायला आणि तपासायलाही सोपा.

मात्र उत्तर जवळ आले की ही पद्धत रेंगाळते. रॉबर्ट डायल यांचा अल्गोरिदम बी (2006) किंवा हिलेल बार-गेरा यांचा टापास (2010) जास्त वेळ घेणाऱ्या मार्गावरची वाहने थेट पर्यायी मार्गावर हलवतात आणि कितीतरी अधिक अचूकता गाठतात. त्यांचा प्रोग्रॅम मात्र किचकट असतो.

दुसरीकडे, अनुभवी नियोजक विचारतात: प्रवासमागणीचे आकडेच नमुना-सर्वेक्षणातून आलेले असताना एवढा काटेकोरपणा कशाला? त्यापेक्षा सर्वेक्षणावर खर्च करावा. हा आक्षेप रास्त आहे.

तरीही एक भेद लक्षात घ्यायला हवा. मॉडेल प्रकल्पासह आणि प्रकल्पाविना असे दोनदा चालवून फरक पाहिला जातो. मागणीतली चूक दोन्ही वेळा तीच असल्याने बरीचशी वजा होते. अर्धवट थांबवलेल्या गणिताची चूक दोन्ही वेळा वेगळी असते आणि प्रकल्पाचा परिणाम म्हणून मिरवते. फिलाडेल्फिया परिसरातल्या दोन प्रस्तावित रॅम्पच्या उदाहरणावरून डेव्हिड बॉइस, बार-गेरा आणि त्यांच्या एका सहकाऱ्याने 2004 मध्ये दाखवले, की समतोलापासूनची सापेक्ष तफावत 0.01 टक्क्यापर्यंत आणल्यावर हे फरक भरवशाचे होतात.

म्हणून शहराच्या ढोबळ चित्रासाठी जुनी पद्धत पुरेशी आहे. दोन प्रकल्पांतून एक निवडताना मात्र नव्या पद्धतींचा खटाटोप सार्थ ठरतो. निदान कोणत्या तफावतीला गणित थांबवले, हा आकडा प्रत्येक प्रकल्प अहवालात छापलेला असावा.