पिठाच्या डब्यातली बाटली

पाचगणीच्या बेल-एअर रुग्णालयात एकेकाळी क्षयरोगी हवापालटाला येत. पुढं तिथंच एचआयव्हीबाधितांवर उपचार होऊ लागले. सांगलीत मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेनं १९९२ मध्ये काम सुरू केलं आणि वेश्याव्यवसायातल्या बायकाच एकमेकींना एचआयव्हीची माहिती, निरोध अन् धीर देऊ लागल्या. हे मला फार मोठं वाटतं. २००४ पासून एचआयव्हीला आवर घालणारी सरकारी एआरटी औषधं मोफत मिळू लागली. रोजची गोळी न चुकवता घेऊन ज्याच्या रक्तात विषाणू तपासणीलाही सापडेनासा झाला, त्याच्याकडून शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. असा माणूस ऊस लावतो, लेकीचं लग्न ठरवतो. तरी गोळ्यांची बाटली पिठाच्या डब्यात लपवावी लागते. एचआयव्हीबाधितांशी होणाऱ्या भेदभावाविरुद्ध २०१७ चा कायदा आहे. सरपंचांनो, तो येत्या ग्रामसभेत मोठ्यानं वाचा.