वादळात मोडलेल्या होडीचे काय करायचे?

देवबाग म्हणजे समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामध्ये सापडलेली वाळूची चिंचोळी पट्टी. पश्चिमेला लाटा, पूर्वेला खाडी, टोकाला दोघांचा संगम आणि पलीकडच्या काठावर भोगवे. काही ठिकाणी तर पाच-दहा मिनिटांत या पाण्याकडून त्या पाण्याकडे चालत जाता येते. अशा गावाला वादळ अंगावरून जावे लागतेच असे नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘क्यार’ भर समुद्रात दूर होते, तरी उधाणाचे पाणी देवबागेत शिरले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ने तर सगळाच सिंधुदुर्ग किनारा झोडपून काढला. मग वर्तमानपत्रांत आकडे येतात. इतकी घरे, इतके माड, इतक्या होड्या. तलाठी येतो, पंचनामा होतो आणि बातमी संपते. मोडलेली होडी मात्र माडाखाली तशीच पडून राहते.

पंचनाम्यात होडीसाठी दोनच रकाने असतात. ‘अंशतः’ आणि ‘पूर्णतः’. केंद्र सरकारने २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरवलेल्या आपत्ती निकषांत अंशतः मोडलेल्या होडीच्या दुरुस्तीला ६,००० रुपये आणि पूर्ण गेलेल्या होडीला १५,००० रुपये होते. एकदा तरी लाकडाच्या वखारीत जाऊन आलेल्या माणसाला या आकड्यांविषयी अधिक सांगण्याची गरज नाही. पण रक्कम तुटपुंजी आहे, ही तक्रार जुनीच आहे. माझी तक्रार वेगळी आहे. लाकडी होडी ‘पूर्णतः’ कधी मोडते, हे ठरवायचे कोणी? ज्याला ती बांधता येते त्याने, की ज्याला फक्त मोजता येते त्याने?

लाकडी होडी एकसंध नसते. खाली कणा, त्यावर बसवलेले वाक, वाकांवर ठोकलेल्या फळ्या आणि फळ्यांच्या सांध्यांत तेलात भिजवून ठासलेला कापूस. लाटेने उचलून दगडी बंधाऱ्यावर आपटली तर दोन-चार फळ्या फुटतात, एखादा वाक तडकतो, सांधे उघडतात. बघणाऱ्याला वाटते, संपली. सुतार मात्र आधी कणा बघतो. कणा सरळ असेल तर बाकी सगळे बदलता येते. फुटलेली फळी कापून काढायची, नवी जोडायची, गंजलेले खिळे उपटायचे, सांधे पुन्हा भरायचे, वरून तेल द्यायचे. होडी पाण्यात लोटली की पहिला-दुसरा दिवस ती गळते. त्याने घाबरायचे नसते. पाणी उपसत राहायचे, लाकूड फुगते आणि सांधे आपोआप मिटतात.

हे निव्वळ कोकणी स्मरणरंजन नव्हे, याला मुंबईचाच एक दाखला आहे. ‘सुहेली’ ही ३२ फुटी शिडाची नौका कुलाब्यात सागवानात, हाताच्या अवजारांनी बांधली गेली आणि डिसेंबर १९६४ मध्ये पाण्यात उतरली. तिचा मालक रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा ब्रिटिश इंडिया कंपनीच्या जहाजांवरचा अधिकारी. १४ जून १९६८ रोजी तो एकटाच फाल्मथहून निघाला आणि कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी तिथेच परतला. एकट्याने, न थांबता केलेली ती जगातली पहिली प्रदक्षिणा. शर्यतीत उतरले होते नऊजण, पोहोचला हा एक.

पण मला त्या विक्रमापेक्षा त्यातली दुरुस्ती मोलाची वाटते. केप व्हर्दे बेटांच्या पुढे सुहेलीचे कण्याजवळचे सांधे गळू लागले. या गृहस्थाने भर अटलांटिकमध्ये पाण्याखाली बुड्या मारून त्या सांध्यांत कापूस ठोकला, वर डांबर लावलेली कॅनव्हासची पट्टी आणि तिच्यावर तांब्याचा पत्रा बसवला. पुढे सप्टेंबरात दक्षिण महासागरातल्या वादळाने नौका आडवी केली, केबिन जागची हलली. तरी ती घरी आली. मालवणचा कोणताही जुना सुतार हे ऐकून फारसा चकित होणार नाही. कापूस कुठे ठोकायचा, हे त्याला ठाऊकच असते.

यापुढची गोष्ट आपल्याला अधिक लागू पडते. १९९७ मध्ये सुहेली ग्रिनिचच्या सागरी संग्रहालयात ठेवली गेली. उत्तम इमारत, कोरडी हवा, सन्मानाची जागा. त्या कोरड्या हवेत तिच्या फळ्या आक्रसू लागल्या. दक्षिण महासागराला जे जमले नाही ते संग्रहालयाने पाच वर्षांत आरंभले होते. २००२ मध्ये मालकाने तिला बाहेर काढले, पुढे डागडुजी केली आणि पुन्हा पाण्यात सोडले. १४ जून २०१८ रोजी, प्रस्थानाला बरोबर पन्नास वर्षे झाली त्या दिवशी, ती फाल्मथच्या पाण्यात शिडे उभारून होती. त्याच वर्षी गोव्यात बांधलेली तिची प्रतिकृती ‘थुरिया’ घेऊन अभिलाष टॉमी शर्यतीत उतरले. २१ सप्टेंबरला हिंदी महासागरातल्या वादळात तिची डोलकाठी मोडली, टॉमी पाठीला जबर दुखापत होऊन अडकले आणि तीन दिवसांनी त्यांची सुटका झाली. थुरियाला तिथेच सोडून यावे लागले. प्रत्येक नौका वाचतेच, असा माझा दावा नाही.

आपल्याकडे मात्र दोनच टोके दिसतात. सामान्य होडीला सहा हजार किंवा पंधरा हजार, आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रातल्या नौकेला सगळी सरकारी हौस. ‘कौंडिण्य’ या दोरांनी शिवलेल्या नौकेविषयी मला आदरच आहे. पाचव्या शतकातल्या चित्रावरून गोव्यात बांधलेले हे जहाज मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झाले आणि डिसेंबरअखेर पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचले. थोर काम. पण ते बांधायला कारागीर केरळहून आणावे लागले, ही गोष्ट आपल्या किनाऱ्याने मनाला लावून घ्यायला हवी. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे मराठ्यांची गोदी होती असे आपण अभिमानाने सांगतो. त्या खाडीच्या काठी आज शिडाची होडी सांधणारे हात किती, हे मात्र कोणी विचारत नाही.

फायबरच्या होडीला मी नावे ठेवणार नाही. ती हलकी, देखभाल कमी, वाळूवर चौघांनी ओढता येते. जाळे टाकून पोट भरणाऱ्याने परंपरेसाठी सागवान का वापरावे? शहरातून आलेल्यांनी त्याला हा उपदेश करू नये. देवबागला पर्यटकांना फिरवणाऱ्या होड्याही बहुतेक फायबरच्याच, पाठीला यंत्र लावलेल्या. पण याच पर्यटकाला कर्लीच्या शांत पाण्यात, वारा पडला की वल्ह्यावर आणि वारा आला की शिडावर नेणारी एखादी जुनी लाकडी होडी मिळाली तर तो जास्त पैसे देईल, यात मला शंका नाही. त्यासाठी ती होडी कोणीतरी सांधायला हवी, आणि सांधणारा तयार व्हायला हवा. मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आहे. तिथे होडीबांधणीचा एखादा छोटा अभ्यासक्रम, आणि शिकवायला पदवीधर नव्हे तर किनाऱ्यावरचा सुतार, असे का होऊ नये? नियमात बसत नाही म्हणतील. मग नियम बदला.

आणि पंचनाम्यात तिसरा रकाना घाला. ‘दुरुस्त होण्याजोगी’. तो भरताना तलाठ्याबरोबर एक होडीचा सुतार असावा, त्याला दिवसाची मजुरी मिळावी. मदतीची रक्कम ठोक न देता लाकूड, खिळे, कापूस आणि मजुरी यांच्या खऱ्या हिशोबाने द्यावी, अर्धी कामाच्या आधी, अर्धी होडी पाण्यात उतरल्यावर. मासेमारीबंदीचे जून-जुलै हे दोन महिने होड्या तशाही चुडतांच्या खोपीत असतात. मे महिन्यात मोडलेली होडी नारळी पौर्णिमेपर्यंत उभी करायला तेवढा वेळ पुरतो. मात्र मदत तेव्हा हातात पडायला हवी, पुढच्या मार्चमध्ये नव्हे.