अबोल माणसाचा देव

मुलगी कमी बोलली तर लोक तिला सोज्वळ म्हणतात. मुलगा कमी बोलला तर घुमा, नाहीतर शिष्ट! मी घुमा. उत्तर येत असूनही वर्गात माझा हात वर जात नाही. एस. टी. त खिडकी मिळाली की श्रीवर्धन येईपर्यंत तोंड उघडत नाही. मानसशास्त्राच्या तासाला कळले, की कार्ल युंग या स्विस पंडिताने 1921 साली आपल्या ग्रंथात अंतर्मुख आणि बहिर्मुख अशा दोन वृत्ती सांगितल्या आहेत. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. हा नवा शब्द आईला सांगितला, तर ती म्हणाली, "म्हणजे आजार नाही ना रे?"

आजार नाही. पण आपल्याकडे देवाकडे जाणारे बहुतेक रस्ते बहिर्मुखांसाठी बांधलेले आहेत, असे माझे स्पष्ट मत आहे. आरती खड्या आवाजात, पालखी गर्दीत, नवस चारचौघांत, आणि वर कर्णा! जो मागे गप्प उभा राहतो, तो नास्तिक ठरतो.

मी दिवेआगरचा. शके 982 चा, म्हणजे इ. स. 1060 चा मराठी ताम्रपट आमच्याच गावचा. नोव्हेंबर 1997 मध्ये इथल्या एका सुपारीच्या वाडीत खणताना तांब्याची पेटी सापडली आणि आत गणपतीचा सोन्याचा मुखवटा. गावात प्रवाशांची रीघ लागली, घरोघरी खाणावळी निघाल्या. मार्च 2012 मध्ये दरोडा पडला. मुखवटा गेला आणि दोन पहारेकऱ्यांचे प्राण गेले. मी तेव्हा बालवाडीत होतो. पुढे जप्त केलेल्या सोन्यातून मुखवटा पुन्हा घडला आणि नोव्हेंबर 2021 मध्ये त्याची प्रतिष्ठापना झाली. ती दोन माणसे मात्र पुन्हा घडवता आली नाहीत. देवाचे सोने राखताना माणूस मरतो, तेव्हा देव नेमका कोणत्या बाजूला असतो? हा प्रश्न मी कुणाला विचारला नाही. तो माझ्यापाशीच राहिला आणि मी शोधू लागलो.

शोध कसला, तर संध्याकाळी बाबांबरोबर वाडीत शिंपण करताना गप्प राहायचे. पोफळीच्या आळ्यात पाणी मुरते, वरून एखादी विरी गळून पडते, पलीकडे समुद्राची गाज चालू असते. त्या अर्ध्या तासात मी काही मागत नाही. मनातला राग उतरतो, दुसऱ्याचे म्हणणे पटू लागते. माझी पूजा ती एवढीच.

कुणी म्हणेल, हा एकलकोंडेपणा झाला. गाव एकत्र येते ते उत्सवामुळेच. आक्षेप खरा आहे. पण तुकोबाही एकांतासाठी भंडाऱ्याच्या डोंगरावर जात आणि खाली येऊन कीर्तनाला उभे राहत. जोतीराव फुल्यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म' 1891 साली त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. निर्मिक आणि माणूस यांच्यामध्ये मध्यस्थाची गरज नाही, असे त्यांचे सांगणे. म्हणजे एकांत आणि मध्यस्थाविना भक्ती या दोन्ही गोष्टी आपल्याच मातीतल्या. परीक्षा एवढीच, की एकांतातून उठलेला माणूस माणसांत परततो की नाही.

माझ्यापुरते उत्तर 3 जून 2020 ला मिळाले. निसर्ग वादळाने पोफळी आणि माड आडवे केले. वर्षानुवर्षांची झाडे एका दुपारीत गेली. नंतर कितीतरी दिवस आम्ही शेजारीपाजारी एकमेकांच्या वाड्यांतली झाडे तोडून बाजूला काढत होतो. कोयतीचा आवाज तेवढा होता. बोलायला कुणापाशी काही उरलेच नव्हते. मी तेव्हा शाळकरी पोर, पण त्या गर्दीत मला प्रथमच परके वाटले नाही. इतकी माणसे एकत्र आली होती आणि प्रत्येकजण अंतर्मुख होता!

तेव्हा मित्रांनो आणि गुरुजनहो, विनंती एवढीच, की भक्ती आवाजावरून मोजू नका. आरतीच्या वेळी मागच्या खांबाशी कुणी गप्प उभा दिसला, तर त्याला हाताला धरून पुढे ओढू नका. तोही दर्शनालाच आलेला असतो.